डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही? भाग बदलण्याआधी क्रमाने काय तपासायचं

दिवसभर गाडी एका सेलमध्ये सुरू होते आणि सकाळी मात्र नुसती घरघर करते, ही तक्रार कुठेही सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "हीटर प्लग गेलेत, चारही बदलून टाका." हीटर प्लग म्हणजे थंड इंजिनात हवेला ऊब देणारा, विजेवर तापणारा छोटा दांडा. कधी कधी हे निदान बरोबरही निघतं. पण उतरलेली बॅटरी, गंजलेली अर्थची पट्टी (बॅटरीचं ऋण टोक इंजिनाला जोडणारी), डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, खोटं तापमान सांगणारा सेन्सर आणि झिजलेलं इंजिन या सगळ्यांचं सकाळचं लक्षण नवख्याला सारखंच वाटतं. माझ्या गाडीलाही आधी हीटर प्लगचंच निदान मिळालं होतं. दोष निघाला डिझेल फिल्टरच्या झाकणाखालच्या रबरी रिंगेत.

या तपासणीतली खरी अडचण अशी की थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. गाडी एकदा सुरू झाली की पुरावा गेला. पुढचे आठ-दहा तास तुम्ही काहीही तपासलंत तरी सगळं ठीकच दिसणार. म्हणून एका सकाळी एकच गोष्ट तपासायची आणि कोणत्या सकाळी काय बघायचं ते आदल्या रात्रीच ठरवायचं. बॅटरी चार्ज केली, फिल्टर बदलला, प्लगही बदलले आणि गाडी सुरू झाली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि अर्धवट बरा झालेला दोष पुढच्या थंडीत परत येतो.

थंडीत नेमकं अडतं काय

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, तीच ही गोष्ट, फक्त कितीतरी पट जोरात. रात्रभर गारठलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती ही उष्णता ओढून घेतात. त्यात इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटते आणि उष्णता जायला आणखी वेळ मिळतो.

म्हणजे सकाळी गाडी सुरू व्हायला चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात : इंजिन पुरेशा वेगाने फिरणं, योग्य वेळी पुरेसं डिझेल आत जाणं, हवेला बाहेरून थोडी ऊब मिळणं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवेवर आणलेला दाब, शाबूत असणं. खालचा क्रम साधारण याच चार गोष्टींचा आहे. स्वस्त आणि सोपं आधी, इंजिन उघडायला लावणारं सगळ्यात शेवटी.

हाताशी काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर, साधाही चालेल
- ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतली तपासणीची खाच) बसणारा स्कॅनर. नुसते कोड वाचणारा नको, लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, दाखवणारा हवा
- शक्य असल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर
- तुमच्या लाइनच्या मापाची, डिझेल सोसणारी पारदर्शक नळी, वीतभर पुरे, आणि दोन क्लिपा
- सेल मारायला दुसरा माणूस, कारण तुम्ही बॉनेटजवळ असणार
- मोबाइल, व्हिडिओसाठी
- गाडीचं मॅन्युअल, आणि शेवटच्या सर्व्हिसची नोंद : कोणतं ऑइल भरलं, डिझेल फिल्टर कधी बदलला, बॅटरी किती जुनी

ऑइलची नोंद उगाच नाही मागितली. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो. जिथे ५डब्ल्यू हवं तिथे २०डब्ल्यू भरलं असेल तर कडाक्याच्या थंडीत इंजिन चिखलातून फिरावं तसं फिरतं आणि दोष मात्र बॅटरीवर येतो. ऑइल चुकीचं असेल तर आधी ते बदला, मग पुढे वाचा.

## १. तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

"सकाळी सुरू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

पहिली : सेल मारला की इंजिन दमल्यासारखं, अडखळत फिरतं, किंवा नुसता खट्ट आवाज येतो. हा विजेचा प्रश्न. थेट पायरी ३ वर जा.

दुसरी : इंजिन झकास फिरतं, पण पेट घेत नाही, बराच वेळ सेल मारल्यावर कधीतरी घेतं. यात हीट, डिझेल, सेन्सर, कॉम्प्रेशन असं काहीही असू शकतं, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

तिसरी : सुरू होते, पण पहिलं मिनिटभर थरथरते, मिसिंग करते, पांढरा धूर सोडते आणि मग आपोआप सुरळीत होते. एखाद-दुसरा हीटर प्लग मेलेला असण्याची ही नेहमीची खूण. चालू सिलिंडर इंजिन ओढून नेतात आणि थंड राहिलेला सिलिंडर जरा तापला की कामाला लागतो.

गरम इंजिन लगेच सुरू होतं ना, तेही बघून घ्या. गरम असतानाच त्रास होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या नोझलमधून किंवा पंपातून जास्त निसटतं आणि रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जास्त दाबाची नळी) दाब बनत नाही. तो दोष वेगळा.

## २. पहिली सकाळ फक्त बघण्यासाठी

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी मोबाइल डॅशबोर्डसमोर लावून व्हिडिओ सुरू करा, दुसऱ्या माणसाला सायलेन्सरच्या बाजूला, जरा लांब उभं करा. चावी फिरवा, हीटरचा पिवळा दिवा विझू द्या, मग सेल मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबा. स्टार्टर सतत चालवायसाठी बनवलेला नसतो; लागोपाठ सेल मारून तो जळाला की एकाचे दोन दोष होतात.

आता धुराकडे लक्ष. या सगळ्या तपासणीत फुकट मिळणारी सगळ्यात मोठी माहिती हीच.

सेल मारताना राखाडी-पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येतोय? मग डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पेटत नाहीये. संशय हीटवर, कॉम्प्रेशनवर किंवा इंजिनाच्या फिरण्याच्या वेगावर.

दहा सेकंद सेल मारूनही धुराचा पत्ता नाही? मग डिझेल आत जातच नाहीये. अशा गाडीचे हीटर प्लग बदलण्यात काही अर्थ नाही. जे आत आलंच नाही ते पेटणार कसं? लाइनमधली हवा, फिल्टर, रेलचा दाब, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) किंवा इमोबिलायझर (चावी ओळखल्यावरच गाडी सुरू होऊ देणारी यंत्रणा) बघायचा. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी वापरून बघा.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत धूर कमी दिसतो, तिथे वासावर जास्त विसंबा. धूर पांढराच पण वास गोडसर, सुरू झाल्यावरही तो थांबत नाही आणि कूलंटची पातळी खाली जातेय, असं असेल तर सिलिंडरमध्ये कूलंट शिरतंय. मग सेल मारत बसू नका, गाडी उचलून गॅरेजला न्या. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

तापमानही लिहून ठेवा. अलीकडच्या कॉमनरेल गाड्यांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. अशी धडधाकट गाडी १५-२० अंशांना हीटर प्लग पूर्ण मेलेले असले तरी सुरू होते. त्यामुळे सौम्य हवेतही ती रोज सकाळी त्रास देत असेल, तर निव्वळ प्लगवर बोट ठेवणाऱ्याचं ऐकू नका. उलट, छोट्या वेगळ्या कप्प्यात डिझेल फवारणाऱ्या जुन्या इंजिनांना सौम्य हवेतही प्लग लागतात.

मध्येच थांबून : या चार गोष्टी करू नका

ईथरचा स्टार्टिंग स्प्रे हवेच्या पाइपात मारू नका. हीटर प्लग लालबुंद असतो. त्यावर ईथर पडला की पिस्टन वर येण्याआधीच भडका उडतो आणि पिस्टनच्या रिंगा, कधी पिस्टनही, तुटतात. शिवाय यातून निदान काहीच होत नाही.

कॉमनरेल गाडीत सेल मारताना इंजेक्टरचा पाइप सैल करून "डिझेल येतंय का" ते बघू नका. जुन्या यांत्रिक पंपांच्या काळातली ही सवय अजून काही हातांत आहे. कॉमनरेलमधला दाब हजार-दोन हजार बारपर्यंत जातो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि वरून टोचल्यासारखी दिसणारी जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

डिझेलमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल मिसळू नका. पंपाला वंगण डिझेलच देतं.

आणि धक्का मारून किंवा ओढून सुरू करायचा हट्ट धरू नका. न पेटलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आणि डीपीएफमध्ये जाऊन बसतं, आणि टायमिंग बेल्टवर झटका बसतो तो वेगळाच.

## ३. दुसरी सकाळ : बॅटरी, केबल, स्टार्टर

काहीही चालू करण्याआधी मीटर बॅटरीच्या दोन्ही खांबांवर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. त्याखाली असेल तर चार्ज करा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. रात्रीतून परत उतरली तर बॅटरी संपली आहे किंवा गाडीत कुठेतरी करंट चोरला जातोय.

आता दुसरा माणूस सेल मारत असताना आकडा बघा. ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. इथे दोन जोड्या लक्षात ठेवा.

आकडा ८-९ वर कोसळतो आणि इंजिन हळू फिरतं : बॅटरी कमजोर, किंवा स्टार्टर आतून अडकत असल्याने नको तितका करंट ओढतोय. चांगली बॅटरी जोडून बघा. तेवढ्याने फरक पडला तर उत्तर मिळालं.

आकडा ११ च्या वर टिकून राहतो आणि तरीही इंजिन हळू फिरतं : बॅटरीत ताकद आहे, पण ती स्टार्टरपर्यंत पोचत नाही. केबल, अर्थ किंवा स्टार्टरची ब्रशेस.

दुसऱ्या प्रकारात केबल अशी तपासा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल मारताना आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. अर्धा किंवा एक व्होल्ट दाखवत असेल तर अर्थची पट्टी बोलतेय. ती बहुतेक वेळा वरून धड दिसते. बोल्ट सोडला की खाली हिरवट-पांढरी पावडर निघते. घासून चकचकीत करा, पुन्हा घट्ट बसवा. धन बाजूलाही हेच : एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर, आणि ०.५ व्होल्टच्या वर नको. स्टार्टरपर्यंत हात घालताना केस, बाह्या, ओढणी फॅनपासून दूर. गाडी मध्येच सुरू होऊ शकते, हे विसरायला होतं.

बॅटरी नवी घेताना फक्त अँपिअर-अवर बघू नका, सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) बघा. उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते, ते हा आकडा सांगतो. त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेलला तो जास्त लागतो. डिझेलमध्ये बॅटरीवर भारही दुहेरी पडतो : आधी हीटर प्लग करंट खेचतात, मग स्टार्टर. त्यामुळे कमजोर बॅटरी प्लगही नीट तापू देत नाही, आणि ठपका प्लगवर येतो.

## ४. तिसरी सकाळ : दोन-तीनदा हीट द्या

चावी फिरवा, दिवा विझू द्या, चावी बंद करा. असं तीनदा, आणि मग सेल. बटण असलेल्या गाडीत क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की सेल न लागता इग्निशन चालू होतं.

इतर दिवशी न घेणारी गाडी आज पटकन सुरू झाली? मग जादा ऊब मिळाल्याने काम झालं असं वाटेल, आणि बहुतेक मार्गदर्शक इथेच "प्लग बदला" म्हणून मोकळे होतात. पण टाकीत विजेचा पंप असेल तर प्रत्येक वेळी चावी फिरवल्यावर तोही काही सेकंद चालतो. म्हणजे तीनदा हीट देताना तुम्ही तीनदा डिझेलही पुढे ढकललंत. त्यामुळे या चाचणीचा अर्थ पायरी २ मधल्या धुरासोबतच लावा. आधी धूर येत होता आणि आज सुरू झाली, तर हीटवर किंवा कॉम्प्रेशनवर संशय पक्का. आधी धूर नव्हता आणि आज सुरू झाली, तर डिझेल मागे जातंय, पायरी ६ बघा.

## ५. हीटर प्लग : दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात असं नाही

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा बऱ्याच गाड्यांत फक्त वेळ मोजतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो ऐटीत लागतो आणि विझतो. उलट, दिवा विझला म्हणजे हीट थांबली असंही नाही. गाडी सुरू झाल्यावरही काही काळ, कधी दोन-तीन मिनिटं, प्लग तापतच राहतात. म्हणून मोजल्याशिवाय निष्कर्ष नको.

वीज येतेय का : इंजिन थंड असताना प्लगच्या टोकाला मीटर लावा आणि चावी फिरवायला सांगा. जुन्या पद्धतीच्या गाडीत बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवं. काहीच नाही आलं तर प्लगच्या आधी मोठा फ्यूज आणि रिले बघा. नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट वीज तुकड्यातुकड्याने देतं, त्यामुळे साधा मीटर कमी आकडा दाखवतो. तिथे स्कॅनर किंवा क्लॅम्प मीटर बरा.

प्लग जिवंत आहे का : प्रत्येक प्लगची तार, किंवा सगळ्यांना जोडणारी पट्टी, आधी काढा. पट्टी तशीच ठेवून मोजलंत तर चारही प्लगचा एकत्रित आकडा मिळतो आणि मेलेला त्यात लपतो. मीटर ओहमवर ठेवून प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मोजा. थंड प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरने अनंत दाखवलं तर प्लग मेला. इतक्या लहान आकड्यात मीटरच्या तारांचाही वाटा असतो. दोन टोकं एकमेकांना टेकवून जे दिसेल ते वजा करा. चारांत तीन ०.८ दाखवतात आणि एक ४ दाखवतो, तर तो चौथाही गेल्यात जमा.

क्लॅम्प मीटर असेल तर काम आणखी सोपं. पुरवठ्याच्या जाड तारेला अडकवा. चावी फिरवताच करंट उसळतो आणि प्लग तापेल तसा उतरत जातो, कारण तापलेल्या तारेचा रोध वाढतो. एकेका तारेवर लावलात तर तीनमध्ये हा चढउतार दिसतो आणि मेलेल्यात सुई हलतच नाही.

प्लग बाहेर काढून थेट बारा व्होल्टवर लाल करून दाखवण्याची पद्धत जुन्या प्लगपुरती ठीक होती. नवे कित्येक प्लग ४-७ व्होल्टचे असतात, काही सिरॅमिकचे. बारा व्होल्टवर ते क्षणात जळतात. प्लगवर व्होल्टेज बऱ्याचदा कोरलेलं असतं.

बदलायचेच असतील तर काढताना घाई नको. वर्षानुवर्षं कार्बनमध्ये बसलेला प्लग हेडमध्येच तुटतो, आणि मग हेड उतरवण्याची वेळ येते. आदल्या दिवशी मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, इंजिन गरम असताना काढा, आणि पाना जड लागला तर मागे-पुढे करत सोडवा. बसवताना मॅन्युअलमधला टॉर्क. हा आकडा वाटतो त्याहून बराच कमी असतो. एक मेला म्हणून चारही बदलावेत का? सगळे एकाच वयाचे असतील आणि सहज निघत असतील तर हो. एखादा हटून बसला असेल आणि मीटरवर ठीक असेल, तर मी त्याला हात लावणार नाही.

## ६. डिझेल रात्रीतून मागे जातंय का

माझ्या गाडीचा दोष इथे होता, म्हणून जरा रेंगाळतो.

इंजिन बंद असताना लाइनमध्ये डिझेल भरलेलं राहायला हवं. कुठे बारीकशी फट असेल तर रात्रभरात हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. गंमत अशी की त्या फटीतून बाहेर थेंबही गळत नाही. डिझेल ओढून घेणाऱ्या लाइनमध्ये हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. त्यामुळे खाली डाग शोधत बसलात तर काही सापडत नाही. नेहमीच्या जागा : फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, विशेषतः नुकताच फिल्टर बदलला असेल तर, फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू, हातपंपाचा (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा पंप) रबरी फुगा, कडक झालेल्या नळ्या, आणि इंजेक्टरवरच्या रिटर्नच्या बारीक नळ्या.

लक्षण ओळखू येण्यासारखं असतं. सकाळी धूर न येता लांब सेल, मग एकदम सुरू, दोन-चार सेकंद हंटिंग (वेग वर-खाली होणं) आणि नंतर दिवसभर काही नाही.

तपासण्या तीन. हातपंप असेल तर सकाळी सेल मारण्याआधी तो दाबून बघा; रात्री बंद करताना कडक होता आणि सकाळी मऊ पडला, तर हवा शिरली. कडक होईपर्यंत दाबा आणि मग सेल मारा. लगेच सुरू झाली तर निदान जवळजवळ झालंच.

दुसरी तपासणी उताराची. टाकी बहुतेक गाड्यांत मागे असते. एका रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावा, दुसऱ्या रात्री चढाकडे. तोंड खाली असताना बिनतक्रार आणि वर असताना त्रास, तर डिझेल मागे जातंय.

तिसरी पारदर्शक नळीची. फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमध्ये वीतभर नळीचा तुकडा बसवा. कमी दाबाच्याच, रेलच्या लोखंडी पाइपांना हात लावायचा नाही. संध्याकाळी नळी डिझेलने भरलेली दिसेल. सकाळी बॉनेट उघडल्यावर माझ्या नळीत वरचा अर्धा भाग रिकामा होता, आणि सेल मारताना बुडबुड्यांची माळ फिल्टरकडून येत होती. फिल्टरच्या आधीच्या बाजूला तीच नळी लावली तेव्हा एकही बुडबुडा नाही. दोष दोघांच्या मध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यातच. झाकण काढलं तर नवी ओ-रिंग खाचेत नीट न बसता एका जागी चिमटली गेली होती. बसवताना रिंगेला डिझेलचं बोट लावलं की ती चिमटत नाही.

## ७. डिझेल आणि फिल्टर

फिल्टरमधलं पाणी गोठणबिंदूच्या खाली बर्फ होऊन वाट अडवतं. खालचा स्क्रू सोडून बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं. याची खूण वेगळी आहे : गाडी सुरू होते, थोडी चालते आणि मग दम तोडून बंद पडते, कारण फिल्टरवर मेण साचत जातं. गरम प्रदेशात टाकी भरून थंड प्रदेशात गेलं की हे हमखास होतं. तिथे पोचल्यावर तिथलं हिवाळी डिझेल भरा आणि गाडी रात्री उभी करण्याआधी थोडी चालवा, म्हणजे ते लाइनमध्ये पोचतं. मेण धरलंच तर गाडी उबदार जागी ढकलणं किंवा फिल्टर बदलणं. जाळ लावून टाकी तापवायचं कोणाच्या डोक्यात आलं तर त्याला आवरा.

## ८. स्कॅनर : सकाळचे पाच आकडे

कोड आधी वाचा, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. पी०६७१ ते पी०६७४ हे एक ते चार सिलिंडरच्या हीटर प्लग सर्किटचे, पी०३३५ क्रँक सेन्सरचा, पी००८७ रेलचा दाब कमी असल्याचा. कोड सर्किट सांगतो, भाग नाही. पी०६७२ तुटलेल्या तारेनेही येतो.

मग लाइव्ह डेटा उघडा. सेल मारण्याआधी कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि डिझेलचं तापमान दिसत असेल तर तिन्ही शेजारी ठेवून बघा. रात्रभर उभ्या गाडीत हे आकडे एकमेकांपासून चार-पाच अंशांच्या आत असायला हवेत. हवा ६ अंश, डिझेल ७ अंश आणि कूलंट ५८ अंश? इंजिन गरम आहे असं समजून ईसीयूने (इंजिनाचा संगणक) हीट दिलीच नाही किंवा कमी दिली, डिझेलचं प्रमाणही चुकवलं. कूलंटचा सेन्सर बदला. हा दोष कोड न टाकताही राहतो, कारण ५८ हा आकडा ईसीयूला अशक्य वाटत नाही.

सेल मारताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची तार. दीडशेच्या खाली असेल तर पायरी ३ वर परत.

शेवटचा आकडा रेलच्या दाबाचा. ईसीयू ठराविक दाब आल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा २०० बारच्या आसपास असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. दाब दहा सेकंदांत हळूहळू चढत असेल तर हवा किंवा कमी दाबाची बाजू. चढतच नसेल आणि लाइनमध्ये हवा नसेल, तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्या : प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडतात, आणि ज्याची बाटली बाकीच्यांच्या कितीतरी आधी भरते तो दोषी.

## ९. कॉम्प्रेशन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, सेल मारताना धूर येतो, प्लग तापतात, तरी थंडीत पेटत नाही, आणि हा त्रास एका रात्रीत नाही तर दरवर्षी थोडा थोडा वाढत आलाय, तर कॉम्प्रेशनकडे वळा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढल्यावर भसाभसा वाफा येणं, ऑइल खाणं आणि चढावर दम कमी पडणं या जोडीच्या खुणा.

डिझेलची कॉम्प्रेशन टेस्ट पेट्रोलच्या गेजने होत नाही. निरोगी डिझेल इंजिनात दाब २५-३० बारच्या पुढे असतो, आणि गेज हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसवावा लागतो. ही घरी करायची गोष्ट नाही. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा : चारही थोडे कमी म्हणजे वय झालं, एकच खूप कमी म्हणजे व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट. काही स्कॅनर सेल मारताना प्रत्येक सिलिंडरला इंजिन किती मंदावतं त्यावरून तुलना दाखवतात. हेड उघडायला हो म्हणण्याआधी ती जरूर मागा.

## १०. गाडी गॅरेजला देताना

गाडी चालवत नेली आणि "सकाळी सुरू होत नाही" म्हणालात, तर समोर उभं असतं गरम इंजिन. फिटर एक सेल मारतो, गाडी लगेच घेते, आणि मग अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं. गाडी आदल्या संध्याकाळी द्या, रात्रभर तिथेच राहू द्या आणि सकाळचा पहिला सेल तुमच्यासमोर मारायला सांगा. मधल्या वेळात कोणी ती हलवणार नाही, हे चावी देताना स्पष्ट बोलून घ्या. रात्री जागा करायला म्हणून गाडी पाच मिनिटं चालू केली तरी सकाळची परीक्षा फुकट जाते.

सोबत व्हिडिओ आणि एका कागदावर एवढं लिहून द्या : तापमान किती होतं, इंजिन कसं फिरत होतं, धूर होता की नव्हता आणि कोणत्या रंगाचा, सेल मारताना व्होल्टेज किती पडलं, तीनदा हीट दिल्यावर फरक पडला का, हातपंप मऊ होता का. बदललेले जुने भाग परत मागा. प्लग बदलले असतील तर घरी आणून ओहमवर मोजा. चारही ठणठणीत निघाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार आहे ते तुम्हाला आदल्या संध्याकाळीच कळेल.